अठ्ठावन्न वाक्यं

रतनबाईनं लॅपटॉप शिकायला घेतला तो हौसेपोटी नव्हे. हौसेच्या माणसांना वेळ असतो. रतनबाईच्या हातात अकरा दिवस होते. बाराव्या दिवशी, मंगळवारी सकाळी, नगरच्या दवाखान्यात तिच्या नवऱ्याच्या गळ्यातली आवाजाची पेटी काढून टाकणार होते. ती निघाली की जीव वाचणार होता, पण गहिनीनाथ या जन्मी पुन्हा बोलणार नव्हता.

आणि बोलणं गेलं म्हणजे काय गेलं, हे कोपरगाव तालुक्यातल्या त्यांच्या वस्तीवर कुणालाही विचारा. गहिनीनाथ तीस वर्षं कालव्यावर पाटकरी होता. पाण्याची पाळी कुणाची, चारीचं दार कुणी उघडायचं, कुणी मिटायचं, हे सांगायचं काम त्याचं. कालव्याच्या भरावावर उभा राहून तो हाळी द्यायचा आणि चार उसाची रानं ओलांडून ती ज्याची त्याला पोचायची. पुढं घरोघर मोबाईल आले तरी त्यानं हाळी सोडली नाही. बिड्याही सोडल्या नाहीत. शेवटी बिड्यांनी हाळीचं काय करायचं ते केलं. घरी आला की उंबऱ्यात बसून दिवसभराचं सगळं सांगायचा. कुणाची चारी फुटली, कुणी कुणाचं पाणी चोरलं, साहेब काय म्हणाला आणि आपण साहेबाला काय म्हणालो. रतनबाई चुलीपुढं पाठमोरी बसून भाकरी थापत ऐकायची. पस्तीस वर्षं असंच चाललं होतं, आणि ते काही विशेष आहे असं दोघांनाही कधी वाटलं नव्हतं.

दवाखान्यात अपूर्वा नावाची एक तरुण मुलगी होती. ऑपरेशननंतर मुकी झालेली माणसं पुन्हा कशी बोलती करायची, हे तिचं काम. तिनंच हा मार्ग सुचवला.

"मावशी, या लॅपटॉपला काकांची वाक्यं ऐकवायची. एकूण एकशेवीस आहेत. त्यातली निदान ऐंशी चांगली आली, तरच पुढचं जमतं. मग तुम्ही कळा दाबून जे लिहाल ते हा काकांच्या आवाजात बोलेल."

"ह्यांच्याच आवाजात?"

"त्यांच्याच."

रतनबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

"मंग मोबाईलवर करा की मॅडम. मोबाईल मला येतो."

"मोबाईलवर हे चालत नाही, मावशी. लॅपटॉप दवाखान्याचा आहे, तुम्ही घरी घेऊन जा. काकांच्या गळ्याला ताण नको, रोज दहा-बाराच वाक्यं करायची. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी घेऊन या. घरात कोण आहे शिकायला?"

घरात कोण असणार? एकुलती एक लेक निकिता, ती संगमनेरला सासरी, आठ दिवसांची बाळंतीण. जावयाला ड्युटी. राहता राहिली ही दोघं.

"मला न्हाई जमायचं," गहिनीनाथ घोगऱ्या आवाजात म्हणाला. "हिला शिकवा. हिच्या हाताला गुन हाय."

रतनबाई सातवी शिकलेली. तेवढ्यावर ती त्या खुर्चीत जाऊन बसली. अडला हरी म्हणतात तसं.

अपूर्वानं एकेक दाखवायला सुरुवात केली. हा पडदा, यावर वाक्य मोठ्या अक्षरात येईल. या कळा. ही सगळ्यात खालची लांब पट्टी, ती दाबली की हा ऐकायला लागतो. ही उजवीकडची मोठी कळ, ती दाबली की ऐकायचा थांबतो. हिरवी खूण आली म्हणजे वाक्य घेतलं, तांबडी फुली आली म्हणजे पुन्हा म्हणायचं. पडद्याच्या वर, बरोबर मध्ये, सुईच्या टोकाएवढं भोक होतं.

"हा त्याचा कान," अपूर्वा म्हणाली. मग लॅपटॉप उचलून तिनं तळाच्या बारीक जाळ्या दाखवल्या. "आणि हे तोंड."

"कान कपाळावर आन् तोंड पोटाखाली?" रतनबाई म्हणाली. "उफराटंच जनावर हाय की."

अपूर्वा हसली. गहिनीनाथही हसला, पण हसण्याचा खोकला झाला आणि खोकला थांबेना, तेव्हा रतनबाईनं त्याला पाणी दिलं.

खरी पंचाईत झाली ती कळांच्या खालच्या गुळगुळीत चौकोनाशी. त्यावर बोट फिरवलं की पडद्यावरचा बाण फिरतो, असं अपूर्वा म्हणाली आणि तिच्या बोटानं तो फिरलाही. रतनबाईच्या बोटानं फिरेना. तिनं हळू फिरवलं, दाबून फिरवलं, सारवल्यासारखं सगळ्या पंज्यानं फिरवलं. जन्मभर खुरपं धरलेली बोटं ती, टोकाला घट्टे पडलेली. त्या चौकोनाला ती माणसाची बोटं आहेत हेच पटेना. नको नको ते मनात आलं. मग तिनं करंगळी लावून पाहिली. करंगळीनं आयुष्यात कसलंच काम केलेलं नव्हतं. बाण हलला.

"करंगळीनं चालंल का मॅडम?"

"पळेल," अपूर्वा म्हणाली.

चालू करायची कळ, चार्जरची वायर, तांबडा दिवा लागला की ती जोडायची, हे सगळं रतनबाईनं वहीत लिहून घेतलं. विसरायला नको म्हणून पिशवीतलं टिकल्यांचं पाकीट काढून लांब पट्टीवर तांबडी टिकली चिकटवली आणि मोठ्या कळेवर हिरवी. मग तिनं खरा प्रश्न विचारला.

"ही वाक्यं जात्यात कुठं?"

"या पिवळ्या पाकिटात. आपोआप जातात."

"लाईट गेली तर?"

"राहतात."

"झाकण पडलं तर?"

"झाकण लावलं की लॅपटॉप झोपतो, मावशी. विसरत नाही."

हे शेवटचं तिनं अपूर्वाकडून तीनदा वदवून घेतलं. निघताना अपूर्वानं बजावलं, बोलताना दुसरा कसलाही आवाज नको. पंखा नको, कुकरची शिट्टी नको, कोंबड्या नकोत. आणि डॉक्टरांनी गहिनीनाथला बजावलं, की आता आवाज फक्त या कामापुरता वापरायचा. इतर वेळी तोंड बंद.

डॉक्टरांचं ऐकायचं नाही अशी ख्याती असलेल्या माणसानं हे मात्र अक्षरशः ऐकलं. तीस वर्षं कालवा गाजवणारा माणूस घरात मुक्यासारखा वावरू लागला. चहा हवा तर कप वर करायचा. शेळी सुटली तर टाळी वाजवायचा. उंबऱ्यात बसायचा तसाच बसायचा, पण बोलायचा नाही. रतनबाई भाकरी थापायची आणि थापण्याचा आवाज घरभर व्हायचा. तिला रडू यायचं, आणि रडू आलं याचा रागही यायचा. माणूस चालताबोलता आहे, अजून अकरा दिवस बोलता आहे, आणि त्याचं सगळं बोलणं त्या काळ्या पाटीच्या वाट्याला. आपल्या वाट्याला हातवारे.

म्हणून सकाळी नऊ वाजले की ती अधीर व्हायची. पंखा बंद, दार बंद, कोंबड्या डालग्याखाली, शेळी शेजारच्या गोठ्यात. पिठाच्या गिरणीवाल्यालाही तिनं बजावून ठेवलं होतं, दहापर्यंत चक्की सुरू केलीस तर माझ्याशी गाठ आहे. लॅपटॉप पाटावर, पाटाच्या एका अंगाला गहिनीनाथ चष्मा लावून, दुसऱ्या अंगाला ती, एक बोट तांबड्या टिकलीवर.

वाक्यं कुणी निवडली होती कुणास ठाऊक. 'स्टेशनवर गाडी वेळेवर आली.' 'पुढच्या आठवड्यात थंडी वाढेल.' 'बाजारात आज पेरू स्वस्त आहेत.' अपूर्वा म्हणाली होती, छापलंय तसंच म्हणायला नको, आपल्या बोलीत म्हणा. गहिनीनाथ म्हणायचा. "बाजारात आज पेरू सस्ते हायेत." मग ती हिरवी टिकली दाबायची. हिरवी खूण यायची. तिला पाण्याची पाळी मिळाल्यासारखा आनंद व्हायचा. एकदा वाक्य आलं, 'तू आज जेवलीस का?' गहिनीनाथनं ते वाचलं आणि वाचून झाल्यावर चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. रतनबाईच्या तोंडून "हं" गेलं आणि डोळ्यांना पाणी आलं. हिरवी खूण त्यालाही आली.

मधे दोनदा अपूर्वाचा फोन आला. वस्तीवर नेट धड नव्हतं, तेव्हा वाक्यं पाठवायची सोय नव्हती.

"हिरव्या खुणा येतायत ना, मावशी?"

"सगळ्याला. येकबी फुली न्हाई."

"वा! बोटं चालेनात म्हणत होतात, आता तुम्हीच मला शिकवाल."

रतनबाई त्या दिवशी खुशीत होती. चौथ्या-पाचव्या दिवशी दाढ ठणकत होती, गालात लवंग धरून बसली होती, तरी काम चुकवलं नाही. शेवटच्या दिवशी एकशेविसावं वाक्य पाकिटात गेलं, तेव्हा तिनं लॅपटॉपचं झाकण लावून त्यावर हात ठेवला. आयुष्यात एवढं अवघड काम तिनं एकटीनं केलं नव्हतं, आणि ते फत्ते झालं होतं.

सोमवारी पहाटेच्या एसटीनं दोघं निघाली. पाटीवर अहिल्यानगर लिहिलेलं, कंडक्टर नगर नगर ओरडत होता. लॅपटॉप जुन्या लुगड्यात गुंडाळून रतनबाईनं मांडीवर धरला होता. शंभर किलोमीटर तिनं तो खाली ठेवला नाही.

अकरा वाजता गहिनीनाथला खाट मिळाली. अपूर्वानं लॅपटॉप उघडला, कानाला हेडफोनचे मोठे गोळे लावले आणि ऐकायला बसली. एक वाक्य ऐकलं. दुसरं ऐकलं. मग मधलं एक, मग शेवटची पाच-सहा. तिचा चेहरा उतरत गेला. रतनबाई समोर उभी होती. तिला वाटलं, आवाज घोगरा आला म्हणून असेल.

"मावशी," अपूर्वानं कानाचे गोळे काढले, "तुम्ही ऐका."

लॅपटॉपच्या पोटातून गहिनीनाथ बोलला. "बाजारात आज पेरू सस्ते हायेत."

आणि त्याच्या 'हायेत'वर, तो शब्द संपायच्या आत, एक बाईचा आवाज म्हणाला, "हं."

"स्टेशनावर गाडी येळंवर आली." "हं."

"मला जरा पानी द्या." "हं."

रतनबाईला आधी कळेचना की ही कोण बाई. मग कळलं.

आता यात गुन्हा काय म्हणाल? आपल्याकडं माणूस बोलायला लागलं की ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा असतो. न देणारा एक तर झोपलेला असतो, नाही तर रागावलेला. रतनबाईनं पस्तीस वर्षं दिला होता. पोळी लाटताना किती श्वास घेतले ते कुणी मोजतं का? कुकर, पंखा, चक्की, कोंबड्या सगळ्यांचे आवाज तिनं बंद केले. स्वतःचा आवाज हा आवाज आहे, हे तिच्या मनातही आलं नाही. आणि बोलणारा पुरता थांबल्याशिवाय कळ दाबून त्याचं बोलणं तोडणं तर तिला शोभणारच नव्हतं. म्हणून हुंकार आधी, हिरवी टिकली मागून.

"पर हिरवी खूण येत व्हती की," ती कशीबशी म्हणाली.

"तो फक्त आवाज पुरेसा आला का, एवढंच बघतो. कुणाचा ते नाही. मी तुम्हाला हे सांगायला हवं होतं." अपूर्वा म्हणाली.

"कापून टाका मला. म्हंजे माझं हं कापून टाका."

"काकांच्या शेवटच्या शब्दावर चढलंय, मावशी. ते कापलं की शब्दही जातो. मग यंत्र प्रत्येक वाक्याचा शेवट गिळायलाच शिकेल."

सगळी वाक्यं तपासून झाली. चांगली निघाली बावीस, आणि त्यातली बरीचशी दाढदुखीच्या, तिनं तोंड मिटून धरलेल्या दिवसांतली. हवी होती ऐंशी. राहिली अठ्ठावन्न. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, आणि दुपारचे दोन वाजले होते. गहिनीनाथ खाटेवर बसून सगळं ऐकत होता. तो बायकोला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं, असं तिला झालं.

दवाखान्याच्या मागच्या अंगाला चादरी ठेवायची खोली होती. तिथं आवाज येत नसे. अपूर्वानं तिथं टेबल लावलं आणि रतनबाईला म्हणाली, "तुम्ही बाहेर बसा. मी घेते काकांची."

रतनबाई बाहेरच्या बाकावर बसली, तोंडावर पदर धरून. जणू तिथून दिलेला हुंकारही आत ऐकू जाणार होता. तासाभरानं दार उघडलं.

"सातच झालीत," अपूर्वा म्हणाली. "काका शाळेतल्या मुलासारखं वाचतायत. मधेच अडखळतात, खोकतात. तुम्हालाच बोलवतायत."

रतनबाई आत जाऊन समोर बसली. पदराचा बोळा करून तिनं तोंडात धरला. बोट तांबड्या टिकलीवर ठेवलं. गहिनीनाथ तिच्याकडं बघून म्हणाला, "गावात नवी शाळा बांधलीया," आणि थांबला. वाट पाहत राहिला. ती गप्प.

"ऐकतीयास न्हवं?" तो म्हणाला.

वाक्य वाया गेलं. अपूर्वानं डोळे मिटले. रतनबाईनं जोरजोरात मान हलवली, ऐकतेय, ऐकतेय, आणि बोटानं पडदा दाखवला. पुन्हा. या खेपेला जमलं. पुढचंही जमलं. ती मान डोलवायची, तो तेवढ्यावर पुढं जायचा. पंधरा झाली, वीस झाली. दर पाच वाक्यांनी कोमट पाणी, दर दहा वाक्यांनी विसावा. आवाज फाटत चालला होता. तांबड्या फुल्या येऊ लागल्या. एकेक वाक्य दोनदा, तीनदा म्हणावं लागू लागलं. रतनबाईच्या मनात आता दुसरं काही नव्हतं, फक्त आकडा. चूक तिची होती, ती भरून काढायची होती. तिला ऐंशी हवी होती.

एकेचाळिसाव्या वाक्यानंतर गहिनीनाथनं चष्मा काढला.

"अगं, ऐक," तो म्हणाला. "मला तुला येक सांगायचंय."

ती कळेवर बोट ठेवून होती. तिनं मान हलवली आणि पडद्याकडं बोट केलं. त्यानं चष्मा पुन्हा लावला.

अठ्ठेचाळीस. एकोणपन्नास. पन्नासावं वाक्य चार वेळा म्हणावं लागलं. खिडकीतलं ऊन भिंतीवरून वर सरकलं होतं. गहिनीनाथच्या कपाळावर घाम होता. त्यानं हात पुढं करून लॅपटॉपचं झाकण अर्धं लोटलं.

"बास झालं हे. रतन, आधी माझं ऐक. उद्याच्याला..."

पस्तीस वर्षांत त्यानं तिला नावानं हाक मारली नव्हती. अगं, ऐकलंस का, निकीची आई, एवढ्यावर संसार झाला होता. तिला ते ऐकू आलं, पण त्या वेळी तिच्या डोक्यात आठ हा आकडा होता, आणि हा माणूस उरलेला आवाज उधळतोय हे दिसत होतं. तिनं तोंडातला बोळा काढला.

"सांगा मागनं," ती म्हणाली. "आधी हे. आठच ऱ्हायलीत. वाया घालवू नका."

"मागनं?" गहिनीनाथ म्हणाला.

ती झाकण उघडून मोकळी झाली. लॅपटॉप झोपला नव्हता, वाक्य होतं तिथंच होतं. तिनं तांबडी टिकली दाबली.

त्यानं आठही म्हटली. कशी म्हटली ते त्याचं त्याला माहीत. शेवटचं वाक्य होतं, 'दुकान संध्याकाळी सात वाजता बंद होते.' त्याला हिरवी खूण आली. अपूर्वानं मोजलं, ऐंशी भरली, आणि ती पोर चक्क रडायला लागली. रतनबाईनं लॅपटॉपला हात जोडले. मग ती नवऱ्याकडं वळली.

"आता सांगा."

गहिनीनाथनं तोंड उघडलं. नुसता वारा बाहेर पडला. त्यानं पाणी प्यायलं, घसा खाकरला, पुन्हा तोंड उघडलं. ओठ हलले, मागं काहीच नव्हतं. डॉक्टर आले, त्यांनी टॉर्च मारून पाहिलं आणि आता एक शब्द नाही, असं बजावून गेले. रतनबाईनं तिची वही आणि पेन त्याच्या हातात दिलं. त्यानं बराच वेळ पेन धरून ठेवलं आणि लिहिलं, 'घरी गेल्यावर.'

ऑपरेशन झालं. जीव वाचला. गळ्याला भोक राहिलं, त्यावर पातळ फडकं आलं. तीन आठवड्यांनी अपूर्वानं लॅपटॉप खाटेवर आणला, तेव्हा त्याच्या कळांवर मराठी अक्षरं चिकटवलेली होती. तिनं दोघांना शेजारी शेजारी बसवून शिकवलं. हे क, हा काना, ही वेलांटी, ही बोलायची कळ, आणि चुकलं तर ही कोपऱ्यातली खोडायची कळ. एकदा दाबली की एक अक्षर जातं. ती कळ जरा सैल होती, दाबली की इतरांपेक्षा वेगळी वाजायची. गहिनीनाथनं एका बोटानं लिहिलं आणि लॅपटॉप बोलला, "पानी दे."

त्याचाच आवाज. तोच घोगरेपणा, 'पानी'तला तोच लांबवलेला पा. वॉर्डातल्या सिस्टर टाळ्या वाजवायला लागल्या. रतनबाई तांब्या घ्यायला उठली. तिनं पाणी दिलं. निकिताला फोन लावून ऐकवलं, तीही तिकडं रडली. झाली ती चूक भरून निघाली, असं रतनबाईला त्या दिवशी वाटलं.

घरी येऊन दहा-बारा दिवस झाले. माणसं बघायला येऊन गेली, लॅपटॉपचं बोलणं ऐकून थक्क होऊन गेली. ती यायची थांबल्यावर एका दुपारी घर निवांत होतं. गहिनीनाथ उंबऱ्यात बसला होता, मांडीवर लॅपटॉप. रतनबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. रोज मनात असायचं आणि रोज धीर व्हायचा नाही. आज पाठ तिकडं होती म्हणून विचारता आलं.

"अवो, त्या दिशी चादरीच्या खोलीत मला काय सांगायचं हुतं?"

मग कळा वाजू लागल्या. टक. टक, टक. सावकाश, एका बोटानं. तिनं भाकरी तव्यावर टाकली, दुसरा गोळा घेतला नाही. कळा वाजत राहिल्या. एवढं लांब त्यानं आजवर कधी लिहिलं नव्हतं. तिला वाटलं, आता दोन ओळी झाल्या असतील, आता तीन. ती हात पिठात तसेच ठेवून बसली. काय असेल ते असो, शिवी असो, तिला ते हवं होतं.

कळा थांबल्या. ती बोलायच्या कळेची वाट पाहू लागली.

मग ती सैल कळ वाजली. एकदा. पुन्हा. पुन्हा. एकसारख्या अंतरानं. कुठली कळ ते वळून बघायची तिला गरज नव्हती. लॅपटॉपची कळ न् कळ ती शिकली होती. तिनं मोजायला सुरुवात केली, तिसापर्यंत मोजलं, पन्नासापर्यंत मोजलं, आणि मग मोजवेना. आपणच त्याला गप्प बसवलं. पस्तीस वर्षांत एकदा त्यानं 'ऐक' म्हटलं, आणि आपण 'मागनं' म्हणालो.

सैल कळ थांबली. चार-दोन कळा भराभर वाजल्या आणि गहिनीनाथचा आवाज घरात बोलला, "काय न्हाई. ध्यानात न्हाई आता."

ती वळली. "खरंच?"

तो तिच्याकडं बघत होता. त्यानं बोलायची कळ पुन्हा दाबली.

"काय न्हाई. ध्यानात न्हाई आता."

तेच, तसंच, केसाचाही फरक नाही. तो खोटं बोलला की 'न्हाई' जरा वर चढायचं, हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. हे 'न्हाई' दोन्ही वेळा सपाट होतं. ते त्या ऐंशींतल्या कुठल्याही वाक्यातलं असू शकत होतं. तोंडावरून ओळखावं म्हणून तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं, तर ते तिला वाचता येईना. पस्तीस वर्षं ती पाठमोरी बसूनच ऐकत आली होती.

करपल्याचा वास आला. तिनं भाकरी उलटली, ती एका बाजूनं पार काळी झाली होती. तिनं ती आपल्या ताटात काढली आणि त्याच्यासाठी दुसरी थापायला घेतली.